घडीचा जुना कॅमेरा घेताना आणि वापरताना
चोरबाजारात आग्फा आयसोलेट हा घडीचा कॅमेरा हाती लागला, तर भिंगाआधी भाता (भिंग आणि कॅमेऱ्याची पेटी जोडणारी घड्यांची, प्रकाश अडवणारी नळी) तपासावा, कारण या कॅमेऱ्याचे भाते घड्यांच्या कोपऱ्यांत हमखास फाटतात. अंधाऱ्या खोलीत मागचे झाकण उघडून आत विजेरी लावली, की टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात. असे एक छिद्रही फिल्म खराब करते. १२० या रुंद गुंडाळी फिल्मवर ६ × ६ सेंटिमीटरची १२ छायाचित्रे मिळतात. कॅमेरा झटक्याने उघडू नये, कारण भात्यात हवा ओढली जाऊन फिल्म पुढे फुगते. म्हणूनच कॅमेरा उघडल्यानंतरच, मागच्या झाकणावरच्या लाल खिडकीत दिसणारा छायाचित्राचा आकडा पाहत फिल्म सरकवावी. मुंबईच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, तेव्हा कॅमेरा चामडी पिशवीऐवजी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.