स्कॉटलंडला फिल्म आर्काइव्हचं काम शिकायचंय? एडिनबराची जुनी रिळं बघताना जे कळलं ते

फिल्म आर्काइव्हमध्ये करिअर करायचंय असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात रिस्टोरेशन असतं. म्हणजे जुन्या पिक्चरवरचे ओरखडे घालवायचे, रंग परत आणायचे आणि मग कुठल्यातरी फेस्टिव्हलला टाळ्या. तसं काम असतं, पण ते अगदी मोजक्या लोकांच्या वाट्याला येतं. बाकी आम्ही सगळे बघतो आणि लिहितो. रीळ बघायचं, त्यात काय दिसतंय, कुठली गल्ली, साधारण कुठलं साल, हे इतकं नीट लिहून ठेवायचं की पुढे कोणी "न्यूहेवनच्या कोळणी" (न्यूहेवन म्हणजे एडिनबराचा कोळीवाडा) म्हणून शोधलं तर ते सापडलं पाहिजे. नाहीतर ते रीळ कपाटात असून नसल्यासारखंच. मी पुण्यात हिस्टरी करून ग्लासगोला मास्टर्सला गेले आणि नंतर एका छोट्या संस्थेत एडिनबराच्या रोजच्या आयुष्याची जुनी फुटेज कॅटलॉग करायच्या कामाला लागले, त्यामुळे जे सांगतेय ते त्या कोपऱ्यातून दिसलेलं आहे, सगळ्या फिल्डचं काही मी सांगू शकत नाही.

आधी जागा माहीत करून घ्या. स्कॉटलंडचा मुख्य संग्रह म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचा मूव्हिंग इमेज आर्काइव्ह. लायब्ररी एडिनबराची, पण हा संग्रह बघायला जायचं ते ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये. सुरुवात 1976 ला स्कॉटिश फिल्म आर्काइव्ह म्हणून झाली, 2007 पासून तो लायब्ररीचा भाग आहे. त्यांचा कॅटलॉग ऑनलाइन फुकट बघता येतो, हजारो क्लिप्स आहेत, आणि बऱ्याच क्लिप्सच्या खाली शॉटलिस्ट असते, म्हणजे कितव्या मिनिटाला कितव्या सेकंदाला काय दिसतं त्याची यादी. अ‍ॅप्लिकेशन टाकायच्या आधी घरी बसून एक काम करा. एडिनबराची एखादी जुनी क्लिप उघडा, खालचं वर्णन झाकून ठेवा, स्वतःची शॉटलिस्ट लिहा आणि मग ताडून बघा. तुम्ही लिहिलेलं असेल "रस्ता, माणसं, ट्राम" आणि तिथे लिहिलेलं असेल रस्त्याचं नाव, दुकानाची पाटी, बायकांच्या टोप्या, कुठल्या दिशेने कॅमेरा फिरतो ते सगळं. ह्यात जर मजा आली तर या फिल्डमध्ये या, कंटाळा आला तर लाखो रुपये वाचले समजा.

आता प्रत्यक्ष काम. डबा उघडला की पहिल्यांदा नाक. अ‍ॅसिटेट फिल्म खराब व्हायला लागली की व्हिनेगरचा वास येतो, आणि असा डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवतात. किती खराब झालीय ते बघायला डब्यात एक छोटी पट्टी ठेवतात, ती निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होत जाते. मग रिवाइंड बेंचवर हाताने हळूहळू फिरवत बघायचं, भोकं फाटलीत का, फिल्म आकसलीय का, जुने सांधे सुटलेत का. घरगुती रिळांत 16 एमएम आणि 8 एमएम सगळ्यात जास्त, पण मधोमध भोक असलेली 9.5 एमएम पण निघते, ती पाथे या फ्रेंच कंपनीने 1922 मध्ये काढली होती. 35 एमएम जुनं असेल तर नायट्रेट असू शकतं, ते भयंकर पेट घेतं, त्याला नवख्या माणसाने हात लावायचाच नाही, सिनियरला हाक मारायची. पुण्यात 2003 साली नायट्रेटच्या गोदामाला आग लागून काय काय गेलं ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

अजून एक, फिल्मच्या कडेला प्रकाशात धरल्यावर बारीक खुणा दिसतात. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असायच्या, त्यावरून फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं. पण त्याच खुणा वीस वर्षांनी परत वापरलेल्या आहेत, आणि फिल्म बनली त्या साली शूट झाली असं पण नाही, लोक घरात पडून असलेलं रीळ दोन-तीन वर्षांनी वापरायचे. म्हणून खरी तारीख चित्रातूनच काढावी लागते आणि मला तरी ह्या कामातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

उदाहरण घ्या प्रिन्सेस स्ट्रीटचं. एडिनबराचा हा मुख्य रस्ता, एका बाजूला दुकानं आणि दुसऱ्या बाजूला बागा, वर किल्ला. पहिलं बघायचं चित्र उलटं तर नाही ना. स्टेशनजवळच्या घड्याळाच्या टॉवरकडे (पूर्वीचं नॉर्थ ब्रिटिश हॉटेल, आताचं बालमोरल) पाठ करून पश्चिमेकडे चाललात तर किल्ला डाव्या हाताला आला पाहिजे. उजव्या हाताला दिसला तर रीळ उलट्या बाजूने स्कॅन झालंय, पाट्या वाचता आल्या नाहीत तरी एवढ्यावर कळतं. मग ट्राम बघा. डोक्यावर तारा नाहीत आणि दोन रुळांच्या मधोमध अजून एक खाच दिसतेय, म्हणजे जमिनीखालच्या केबलने ओढली जाणारी ट्राम, म्हणजे 1922-23 च्या आधीचं, कारण तेव्हा एडिनबराने ट्राम विजेवर नेल्या. तारा आहेत तर त्यानंतरचं आणि नोव्हेंबर 1956 च्या आधीचं, कारण तेव्हा जुन्या ट्राम कायमच्या बंद झाल्या (आता दिसतात त्या 2014 च्या). पण हा नियम लीथला लावू नका हं! लीथ तेव्हा वेगळं शहर होतं, त्यांच्या ट्राम 1905 लाच विजेवर गेलेल्या, आणि दोन्ही शहरांच्या हद्दीवर पिलरिगला लोकांना एका ट्राममधून उतरून दुसरीत चढायला लागायचं. 1920 ला लीथ एडिनबरात सामील झालं तरी हा गोंधळ मिटायला 1922 उजाडलं. हे माहीत नसेल तर लीथ वॉक या रस्त्याचं रीळ तुम्ही आरामात पंधरा वर्ष पुढे ढकलाल.

तारा आहेत, ठीक आहे, म्हणजे 1922 ते 1956 एवढी मोठी पट्टी उरली, ती अजून बारीक करायची. फुटपाथच्या कडेला आणि दिव्याच्या खांबांना पांढरे पट्टे असतील तर युद्धातल्या ब्लॅकआउटचे, 1939 ते 45. झेब्रा क्रॉसिंग असेल तर 1951 किंवा नंतर. गाडीच्या नंबरात एस, एसजी, एसएफ, डब्ल्यूएस अशी अक्षरं एडिनबराची. बागेतलं फुलांचं घड्याळ दिसलं तर आनंदाने उडी मारा, ते 1903 पासून आहे आणि नंतरच्या काळात दरवर्षी त्यात वेगळी नक्षी, बऱ्याचदा कुणाच्या तरी वर्धापनाची, त्यामुळे नेमकं साल हातात येतं. थिएटरवरच्या बोर्डावर पिक्चरचं नाव वाचता आलं तर त्याच्या रिलीजच्या आधीचं रीळ नाही एवढं नक्की. फक्त हॉटेलच्या टॉवरवरच्या घड्याळावरून वेळ लिहू नका, लोकांची ट्रेन चुकू नये म्हणून ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, वर्षात एक 31 डिसेंबरची रात्र सोडून.

स्पीडचा पण घोळ असतो. मूक जमान्यातलं घरगुती रीळ सेकंदाला साधारण 16 फ्रेमने शूट झालेलं असतं आणि 24 ने चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात. 16 एमएमच्या 100 फुटी रिळात 4000 फ्रेम, म्हणजे 16 ने साधारण चार मिनिटं आणि 24 ने पावणेतीन. एवढा फरक पडतो, त्यामुळे शॉटलिस्टमध्ये कुठल्या स्पीडने टाइम लिहिलाय ते आधी टाका. इंटरनेटवर जे "जुनं एडिनबरा" म्हणून पळापळीचे व्हिडिओ फिरतात, त्यात एआयने रंग आणि मधल्या फ्रेम भरलेल्या असतात, ते बघायला छान पण पुरावा म्हणून शून्य, कोटाचा रंग सॉफ्टवेअरच्या मनाचा असतो.

रिळात काय नाही ते पण बघायला शिका, हे कोणी क्लासमध्ये सांगत नाही. 1930 च्या दशकात कॅमेरा परवडायचा तो पैसेवाल्यांना, म्हणून मोठ्या घरांच्या बागा, पोरांचे वाढदिवस, समुद्रावरच्या सुट्ट्या ढिगाने सापडतात, आणि काउगेटसारख्या गरीब वस्तीतलं जे काही आहे ते बाहेरून आलेल्या माणसाने काढलेलं. फिल्मला प्रकाश भरपूर लागायचा, त्यामुळे घराच्या आतलं, स्वयंपाकघरातलं जवळजवळ काही नाही. आणि हिवाळा गायब! डिसेंबरमध्ये तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो, कोण शूट करणार. रिळांवर विश्वास ठेवला तर एडिनबरा म्हणजे कायम ऊन असलेलं गाव वाटेल, तिथे राहिलेला कोणीही माणूस यावर खो खो हसेल. मात्र थिएटरवाल्यांनी काढलेली लोकल रिळं वेगळी. मॅनेजर कॅमेरामनला पाठवून चर्चमधून, जत्रेतून बाहेर पडणारी गर्दी शूट करायचा, का तर ते लोक स्वतःला पडद्यावर बघायला तिकीट काढून येतील. त्यामुळे त्यात साध्या माणसांचे चेहरे एकामागून एक, सरळ कॅमेऱ्यात बघणारे. एडिनबराच्या नॉर्टन पार्क शाळेच्या शिक्षकांनी 1951 साली 'द सिंगिंग स्ट्रीट' म्हणून मुलांचे रस्त्यावरचे खेळ आणि गाणी टिपून ठेवलीत, ती नक्की बघा, दोरीवरच्या उड्या आणि मागे काळवंडलेल्या दगडी इमारती. तो दगड मुळात काळा नाहीये, कोळशाच्या धुराने तसा झालाय.

आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर बसून रिळं बघा. तिकडे वृद्धाश्रमांत, विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांसाठी जुनी फुटेज दाखवायचे कार्यक्रम होतात, तिथे व्हॉलंटियर लागतातच. एका कार्यक्रमात चाळीसारख्या इमारतींच्या मागच्या अंगणाचं रीळ लावलेलं, दोऱ्यांवर कपडेच कपडे. मी लिहिलेलं "बहुधा रविवार" कारण पोरं शाळेत नव्हती. पहिल्या रांगेतल्या एक आजी फटकन म्हणाल्या, रविवारी कपडे वाळत घातले असते तर शेजाऱ्यांनी आईला जगू दिलं नसतं, ती शाळेची सुट्टी असणार. रविवारी तिथे धर्म कडक होता हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण ते कपड्याच्या दोरीवर दिसतं हे त्यांच्याकडून कळलं. मग पुढच्या रिळात त्यांनी पोरांनी घातलेले हातमोजे दाखवून सांगितलं, हा बघ, हा रविवार.

आपल्या लोकांना एक फायदा आहे जो आपण सीव्हीवर लिहीतच नाही. स्कॉटिश घरांतल्या रिळांत हिंदुस्थान बराच निघतो, नोकरी-धंद्याला इकडे आलेले, डंडीच्या ज्यूटमुळे कलकत्त्याला गेलेले, मधे मुंबई बंदरात उतरलेले. डब्यावर नुसतं "इंडिया" लिहिलेलं असतं. त्यातली देवनागरी पाटी वाचणारा, नऊवारी ओळखणारा माणूस तिथे सहज मिळत नाही. हे इंटरव्ह्यूमध्ये स्वतःहून सांगा.

कोर्सचं थोडक्यात. ग्लासगो युनिव्हर्सिटीचा इन्फर्मेशन मॅनेजमेंट अँड प्रिझर्व्हेशन हा एक वर्षाचा, त्यात फिल्मच असं नाही, सगळ्या प्रकारचा आर्काइव्ह येतो, आणि नोकरीच्या दृष्टीने मला ते बरंच वाटतं. डंडी युनिव्हर्सिटीचा डिस्टन्स लर्निंगचा पर्याय आहे. फक्त फिल्म पाहिजे तर अ‍ॅमस्टरडॅमचा मास्टर्स बघा. पण त्याच्या आधी मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनची वर्कशॉप करा, 2015 पासून भरतात, जगभरचे आर्काइव्हवाले शिकवायला येतात, हाताला फिल्म लागते. पुण्यात असाल तर 1964 पासूनचं फिल्म आर्काइव्ह दारात आहे, तिथे आधी चक्कर मारा.

नोकऱ्या कमी आहेत, खोटं कशाला बोलू. बऱ्याचशा प्रोजेक्टपुरत्या, ग्रँट संपली की काम संपलं. दोन बाजू शिकून ठेवल्या तर तरता. एक डिजिटल स्टोरेज, कारण 35 एमएमचा एक तासाचा 2के स्कॅन सुमारे 1 टेराबाईट होतो आणि तो कुठे ठेवायचा, कसा तपासायचा हे येणारे लोक कमी पडतात. दुसरी राइट्स. घरच्यांनी रीळ दान केलं म्हणजे कॉपीराइट दिला असं होत नाही, आणि फिल्मचा कॉपीराइट तिथे साधारणपणे दिग्दर्शक, लेखक, संगीतकार यांतला शेवटचा माणूस गेल्यावर 70 वर्षं चालतो. डॉक्युमेंटरीवाल्यांना फुटेज शोधून परवानग्या काढून देणारे रिसर्चर लागतात, तिथे पैसे आर्काइव्हपेक्षा बरे असतात. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, ते सरकारी साइटवरच बघा, एजंटचं ऐकून नको.

आणि आर्काइव्हला मेल टाकताना "मला सिनेमाची पॅशन आहे" हे वाक्य काढून टाका. त्यांच्या कॅटलॉगमधली एखादी बिनतारखेची क्लिप घ्या, तारा, नंबरप्लेट, टोप्या बघून तुम्हाला काय साल वाटतं ते पाच ओळीत कारणांसकट लिहा आणि खाली विचारा, व्हॉलंटियर म्हणून जागा आहे का.