मुलाला शाळेत कुणी छळतंय का, हे कसं ओळखाल?

मी वर्गशिक्षिका आहे. मस्करी कुठली आणि छळ कुठला, हे ठरवताना मी मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांची कसोटी लावते: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा घडणारं, आणि दोघांची ताकद असमान.

‘कुणी त्रास देतं का?’ विचारलं की ‘नाही’च येतं. त्याऐवजी ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतास?’ असं विचारा आणि गप्प राहा. खरंच गप्प. ‘तूही एक ठेवून द्यायचीस’ म्हणू नका. मुलाला त्यात आपलीच चूक दिसते.

तारीख, जागा, हजर मुलं लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, मग शिक्षकांना भेटा. समोरच्या पालकांच्या दारात परस्पर जाऊ नका, कृपा करून.

छळणारं मूल तुमचंच निघालं, तर मारू नका. त्याच्याशी कोण तसं वागतंय, ते आधी शोधा.