तासिलीची चित्रं पाहायला निघण्याआधी

अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं तासिली नाज्जेरचं, हजारो वर्षांपूर्वीच्या खडकचित्रांचं पठार पाहायचं ठरलं असेल, तर आधी वाटाड्याचं बघा. परवानाधारक स्थानिक वाटाड्याशिवाय वर जाता येत नाही आणि व्हिसाचे कागदही सहसा सहल ठरवणाऱ्या एजन्सीमार्फतच होतात. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. पैसे युरोत आणि रोख न्या, कार्डावर विसंबू नका. ड्रोन घरीच ठेवा, तिथे बंदी आहे.

पठाराजवळच्या जानेत या गावातून गाडी पायथ्यापर्यंतच जाते. पुढे दगडधोंड्यांची खडी चढण, सामान गाढवांवर. त्यामुळे चाकांची बॅग नको, मऊ पिशवी घ्या. बूट महिनाभर आधी घालून मुरवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग आणि कानटोपी हवीच. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा. तुआरेग, म्हणजे सहाऱ्यातल्या स्थानिक जमातीची मंडळी निखारे आणि तापल्या वाळूखाली भाजतात ती तागेला भाकरी मिळाली, तर सोबतचं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी उपयोगी पडेल.

खरी तयारी मात्र डोळ्यांची. इथे पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव आकृत्या आहेत. काळाचा क्रम ठाऊक नसेल तर सगळ्यांची सरमिसळ होते. आधी गोल डोक्यांच्या मोठाल्या आकृत्या, मग गुरांचे कळप, मग घोडे आणि रथ, शेवटी उंट. हिरवा सहारा वाळत कसा गेला ते या क्रमातच दिसतं. पठारावरच्या जब्बारेन या चित्रस्थळी एकेका गाईजवळ थांबा: शिंगांचा बाक, अंगावरचे ठिपके, खुरांची ठेवण, सगळं पारखून काढलेलं आहे. सेफार या दुसऱ्या चित्रस्थळाची मोठी आकृती तीन मीटरांहून उंच. ती जरा मागे सरूनच बघा.

रंग फिके वाटले तरी भिंतीवर पाणी शिंपडू नका, कुणाला शिंपडू देऊ नका. १९५६ साली आलेल्या फ्रेंच संशोधक आंरी लोत यांच्या पथकाने चित्रांच्या नकला उतरवताना ओल्या स्पंजाने भिंती पुसल्या. रंग तेवढ्यापुरते उजळले आणि चित्रांचं कायमचं नुकसान झालं. याची मला फार हळहळ वाटते. हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा. कचऱ्यासाठी वेगळी पिशवी घ्या, आणि वाटेत दगडी बाणाची टोकं दिसली तर फोटो काढून तिथेच राहू द्या. ती उचलणं गुन्हा आहे.