काळपट फोटो आणि मागची चकती: माझा अनुभव

गौरींच्या आराशीचे सगळे फोटो काळपट आले. दुकानदार म्हणाला, डीएसएलआर कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) गेला. मन मानेना. दुसरी लेन्स लावली, तोच अंधार. मग हिरव्या ऑटो मोडवर तीच आरास टिपली आणि फोटो लख्ख! म्हणजे सेन्सर, शटर ठणठणीत. पुन्हा नेहमीच्या एव्ही मोडवर (यात लेन्सचं छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा) आलो आणि व्ह्यूफाइंडरमधली, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीतली पट्टी नीट पाहिली: खूण मधल्या शून्यावर नाही, पार डावीकडे -२ वर. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय! उणे दोन म्हणजे प्रकाश नेहमीच्या जेमतेम पाव. कॅमेरा बंद केला तरी ते तसंच राहतं. ऑटोत मात्र लागू होत नाही. शटरचं बटण अर्धं दाबून कॅमेऱ्याच्या मागची चकती फिरवली, खूण शून्यावर आणली. आता चकतीचं लॉक लावूनच कॅमेरा पिशवीत ठेवतो. मुखवटे पुन्हा टिपले. नथीतला मोतीन् मोती दिसतो.