कारखानदाराने लोकसभेचा अर्ज भरताना: आधी कंत्राटे तपासा

वाळूज, शेंद्रा, जालन्यातले उद्योजक उमेदवारी ठरली की तिकीट आणि सभांच्या मागे लागतात. अर्ज मात्र कागदावर अडतो, म्हणून कागद महिनाभर आधी काढायला घ्या.

सगळ्यात नाजूक बाब सरकारी कंत्राटाची. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ प्रमाणे केंद्र सरकारला माल पुरवण्याचे किंवा त्याचे काम करण्याचे कंत्राट तुमच्या नावावर चालू असेल, तर तुम्ही अपात्र ठरता. लोकसभेसाठी केंद्राचेच कंत्राट आड येते. महावितरणचे किंवा जिल्हा परिषदेचे नाही. रेल्वेला सळई पुरवणारा प्रोप्रायटर किंवा भागीदार मात्र थेट अडचणीत येतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती असल्याने तिचे कंत्राट सहसा संचालकाच्या अंगावर येत नाही, तरी वकिलाला करारनामा दाखवाच. माल पूर्ण देऊन झाला आणि फक्त बिल थकले असेल, तर कंत्राट चालू धरत नाहीत. काम पूर्ण झाल्याचा दाखला जवळ ठेवा. काम अर्धवट असेल तर सोडल्याचे पत्र टाकून निर्धास्त होऊ नका, विभागाची लेखी मान्यता घ्या. हे सगळे छाननीच्या तारखेआधी व्हायला हवे.

दुसरी अडचण नमुना २६ चे शपथपत्र. त्यात स्वतःची, पती किंवा पत्नीची, अवलंबितांची आणि हिंदू अविभक्त कुटुंबाची मालमत्ता, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न, कर्जे, जीएसटी-आयकराची थकबाकी, शिवाय भागीदारी संस्था व खासगी कंपन्यांची सरकारी कंत्राटेही येतात. एकही रकाना कोरा सोडू नका; ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सांगूनही रकाना कोराच राहिला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा, आणि सूचक (तुमचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे) त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. इथे मराठवाड्यात हमखास घोळ होतो: पैठण, फुलंब्री, सिल्लोड जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरचे, पण लोकसभेला जालन्यात. तुमचे नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल, तर त्या यादीचा प्रमाणित उतारा जोडा. पक्षाचे अ आणि ब नमुने, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याची पत्रे, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोचले पाहिजेत. उमेदवाराने घ्यायची राज्यघटनेची शपथ, अर्ज दिल्यावर लगेच घ्या. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही.

निवडणूक खर्चाचे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी, वेगळे उघडा. मर्यादा ९५ लाख. प्रचारात वापरलेल्या कंपनीच्या गाड्या, कँटीनचे जेवण फुकट धरत नाहीत. जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाने ते तुमच्या खर्चात लागते. हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्या, नाहीतर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

निवडून आलात, तर खासदारकीच्या शपथेपासून ९० दिवसांत मालमत्तेची माहिती लोकसभा अध्यक्षांना द्यावी लागते. पोटनिवडणुकीतून जाणाऱ्याला सभागृहाची उरलेलीच मुदत मिळते, पण कलम ९-अ तेवढ्या काळातही लागू राहते. खासदार असेपर्यंत केंद्राची नवी निविदा स्वतःच्या नावाने भरू नका.