परदेशात स्टॉल लावायला बेळगावातून माल नेताय? कस्टम्सचं हे आधी बघून घ्या

गणपती नाहीतर दिवाळी जवळ आली की मला दोन-चार फोन येतातच, दादा आमचं दुबईला स्टॉल ठरलंय, चाळीस जोड चप्पल आणि वीस साड्या बॅगेत घालून नेलं तर चालतंय काय? चालतंय, पण कपड्यांच्या खाली दाबून नेऊन चालत नाही. माझा आत्येभाऊ तसाच गेला होता. अथणीहून ४५ जोड उचलले, दोन बॅगा भरल्या, बिल एकाचंही नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारल्यावर हा म्हणाला मित्रांना गिफ्ट आहेत. आता ६ नंबरपासून ११ नंबरपर्यंत ओळीनं सगळी मापं, प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकात, त्याला गिफ्ट कोण म्हणणार? माल अडकला, स्टॉलचे दोन दिवस रिकामे गेले, आणि ज्या बायकांनी घरी बसून चपलांची चामड्याची वेणी ओवली त्यांचे पैसे तीन महिने लांबले. मला वाईट त्याचंच वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मुळात एक गोष्ट पक्की करा. प्रवाशाला जी ड्युटी फ्री सूट असते ती स्वतःच्या वापराच्या वस्तूंना आणि भेटवस्तूंना असते, विकायच्या मालाला नाही. दुबईला ३००० दिरहमपर्यंत गिफ्ट चालतात, युरोपात विमानानं गेला तर ४३० युरो, ब्रिटनला ३९० पाउंड, पण विकायला नेलेला माल यात बसतच नाही, किंमत कितीही कमी असू दे. पाच जोड विकायला नेले तरी तो व्यापारी माल. आणि तो व्यापारी आहे हे ते तुमच्या तोंडावरून ठरवत नाहीत, नग किती, मापं किती, टॅग लागलेत काय, वर्षात कितीदा आलाय, यावरून ठरवतात.

मग करायचं काय, तर कागद. पहिलं आयईसी, म्हणजे इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड. डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपये भरून मिळतो, जीएसटी आल्यापासून तुमचा पॅन नंबरच आयईसी नंबर असतो, त्यामुळं भिण्यासारखं काही नाही. फक्त दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये तो अपडेट करायचा, बदल काही नसला तरी करायचा, नाहीतर बंद पडतो आणि तुम्हाला कळतं ते ऐन जायच्या आठवड्यात. दुसरं बिल आणि पॅकिंग लिस्ट. त्यात कुठल्या बॅगेत काय, किती जोड, एका जोडाची खरी किंमत, एकूण किंमत, कुठं बनलं हे सगळं पाहिजे. नमुने म्हणून फुकट वाटणार असाल तरी किंमत शून्य लिहू नका, खरी किंमत लिहा आणि खाली नमुना, विक्रीसाठी नाही असं टाका. वस्तूचं नाव पण नुसतं "चप्पल" नको, "हाताने बनवलेली चामड्याची कोल्हापुरी चप्पल" असं लिहा.

एचएस कोडचं, म्हणजे कस्टम्सवाले मालाचा प्रकार ज्या आकड्यानं ओळखतात त्याचं, जरा थांबून सांगतो कारण इथं लई जण चुकतात. ६४०३.२० हा कोड जगभर एकच आहे आणि त्याचं वर्णन वाचलं की आपली चप्पलच डोळ्यासमोर येते, चामड्याचा तळ आणि वर पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. पण हल्ली बरेच जण घसरू नये म्हणून खाली रबराचा तळ लावून घेतात, तसा जोड या कोडात बसत नाही, त्याचा कोड वेगळा लागतो. म्हणून कारागिराला विचारूनच लिहा. आणि कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे, हे गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगा. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला तसल्याच चपला दाखवल्यावर सगळ्या जगाचं लक्ष गेलंय, अशा वेळी आपला माल कागदाशिवाय अडकणं बरं नाही.

आता माल परत आणणार की विकणार हे आधी ठरवा. फक्त दाखवायचाय आणि सगळा परत आणायचाय तर एटीए कार्नेट काढा, म्हणजे माल तात्पुरता नेऊन परत आणायचं कस्टम्सचं पुस्तक, भारतात ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. एका पुस्तकावर वर्षभर, मान्यता असलेल्या देशांत ड्युटी न भरता आत-बाहेर करता येतं. पण त्यातला एक जोड जरी तिथं विकला किंवा वाटला तरी त्याची ड्युटी तुमच्या अंगावर, आणि जाताना-येताना प्रत्येक ठिकाणी शिक्का पाहिजेच, एक शिक्का राहिला की महिनोनमहिने पत्रव्यवहार. विकणार असाल तर कार्नेटच्या नादाला लागू नका, सरळ तिथं लाल चॅनेलला, म्हणजे ड्युटीचा माल सांगायच्या रांगेला जाऊन डिक्लेअर करा. दुबईत साधारण ५ टक्के ड्युटी आणि वर ५ टक्के व्हॅट, काय फार नाही. ब्रिटनमध्ये २५०० पाउंडपर्यंतचा विकायचा माल बॅगेतून नेताना ऑनलाइन डिक्लेअर करायची सोयच आहे. माल जास्त असला तर बॅगेचा विचारच सोडा, पोस्टानं नाहीतर कुरिअरनं एक्स्पोर्ट म्हणून आधी पाठवा आणि तुम्ही मोकळे जा.

बेळगावकरांची अडचण वेगळीच आहे. सांबऱ्यातून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही, म्हणजे गोवा, बंगळूर, मुंबई नाहीतर हैदराबाद. सांबऱ्यातून बंगळूर आणि पुढं दुबई असं एकच तिकीट असलं की काउंटरवाले बॅगेला थेट दुबईचा टॅग लावून सोडतात, आणि बंगळूरला कस्टम्सला दाखवायला तुमच्या हातात मालच राहत नाही. कार्नेट असेल किंवा परत आणायच्या महागड्या कॅमेऱ्याचं, दागिन्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर सांबऱ्यातच सांगा की बॅग बंगळूरपर्यंतच टाका, आणि मध्ये चार-पाच तास ठेवा. मी तर रात्रीच्या बसनं जातो, माल हातात राहतो.

खाण्याच्या वस्तूंचं एवढंच, कुंदा युरोपात नेऊ नका, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ तिथं आणता येत नाहीत, ब्रिटनमध्ये पण तसंच. आणि खसखस. दुबई, सौदी, सिंगापूरला खसखस बंदी आहे, तिथं ती अमली पदार्थात धरतात. मांड्यात, करदंटात, घरच्या मसाल्यात ती असू शकते, आईनं डब्यात काय घातलंय ते विचारून घ्या, इथं चूक झाली तर नुसता दंड भरून सुटका होईल असं धरून चालू नका. सुकं खोबरं विमानातच चालत नाही. स्टॉल सजवायला मोरपिसं नेतात काहीजण, ती देशाबाहेर न्यायला मनाई आहे.

येताना पण तेच उलटं. २ फेब्रुवारी २०२६ पासून नवीन बॅगेज नियमांत सूट ५० हजारावरून ७५ हजार झालीय, पण ती घरच्यांसाठी आणलेल्या वस्तूंना. खडेबाजारात विकायला दोनशे परफ्यूम आणले तर त्याला ती सूट नाही, आणि हिरव्या चॅनेलमधून, म्हणजे सांगायला काही नाही त्या रांगेतून निघताना धरलं तर माल जप्त होऊ शकतो. कस्टम्स कायद्याच्या कलम ७७ खाली बॅगेत काय आहे ते सांगणं तुमचं काम आहे, कस्टम्सच्या अतिथी ॲपवर उतरायच्या आधीच भरता येतं. खरं डिक्लेअर केलं असेल आणि ड्युटी भरायची नसेल तर कलम ८० मध्ये माल त्यांच्याकडं ठेवून परत जाताना घ्यायची सोय आहे, त्याची पावती मागून घ्या.

स्टॉलवर आलेली रोख आणत असाल तर परकीय नोटा ५००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक धरून १०,००० डॉलरच्या वर गेल्या की करन्सी डिक्लेरेशन फॉर्म भरायचा. त्या फॉर्मची आणि तिथं भरलेल्या ड्युटीच्या पावतीची झेरॉक्स बेळगावात आल्या आल्या सीएकडं द्या, जीएसटी रिटर्न भरताना तो तेच मागतो.