मेव्हनच्या मॉड्यूलना रेपोचा पत्ता देताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं पुण्याला किंवा बेंगळूरुला जावा डेव्हलपर म्हणून लागली की सुरुवातीला नवा कोड क्वचितच हाती येतो. येतो तो जुना, ढीगभर मॉड्यूलचा (उपप्रोजेक्टचा) मेव्हन प्रोजेक्ट, आणि वर 'जरा रिलीज काढून बघ' असा निरोप. मेव्हन म्हणजे जावाचा कोड बांधून देणारं साधन, आणि रिलीज म्हणजे त्याची क्रमांक दिलेली पक्की आवृत्ती. तेव्हा पॉम, म्हणजे मेव्हनची मांडणी लिहिलेल्या फाइलमधला एससीएम हा भाग आधी वाचा; कोडचा साठा, म्हणजे रेपो, कुठे आहे ते तो सांगतो.

त्यात तीन पत्ते असतात. कनेक्शन वाचण्यासाठी, डेव्हलपर-कनेक्शन लिहिण्यासाठी, युआरएल ब्राउझरमध्ये बघण्यासाठी. पॅरेंट, म्हणजे मॉड्यूलच्या वरच्या पॉममध्ये ते एकदा लिहिले की मॉड्यूलना वारशाने मिळतात, पण जसेच्या तसे नाही. मेव्हन प्रत्येक पत्त्याच्या शेपटीला मॉड्यूलचा आर्टिफॅक्ट-आयडी (मेव्हनमधलं नाव) चिकटवतो. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या साधनाच्या काळात हे सोयीचं होतं, कारण त्यात ट्रंक या मुख्य फोल्डरखालचा एकच फोल्डर वेगळा चेकआउट करता (उतरवून घेता) येतो. गिटचा क्लोन (प्रत) अख्ख्या रेपोचा होतो. उदाहरणार्थ, 'हिशेब.गिट'च्या पुढे '/बिल' लागलेला पत्ता जगात कुठेच नसतो.

खानापूरच्या एका ज्युनिअरनं फोनवर विचारलं, "सर, रूटवरनं रिलीज होतंय की, मग एकट्या मॉड्यूलचं का होईना?" प्रश्न रास्त आहे. रूटवरून, म्हणजे प्रोजेक्टच्या सर्वांत वरच्या फोल्डरमधून चालवताना रिलीज प्लगइन (रिलीज काढणारा मेव्हनचा जोड) रूटचाच पत्ता घेतो, त्यामुळे मॉड्यूलमधला बिघाड वर्षानुवर्षं झाकला जातो.

मेव्हन 3.6.1 पासून (2019) यावर सरळ उपाय आहे. पॉममधल्या एससीएम टॅगवरच 'चाइल्ड.एससीएम.कनेक्शन.इनहेरिट.अपेंड.पाथ' हे अ‍ॅट्रिब्यूट फॉल्स करायचं. डेव्हलपर-कनेक्शन आणि युआरएलसाठी अशीच वेगळी दोन आहेत, तिन्ही लिहा. त्याआधीच्या मेव्हनवर अडकला असाल तर प्रत्येक मॉड्यूलमध्ये एससीएम पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. कंटाळवाणं काम, पण करायचं.

मात्र हे फॉल्स कंपनीभर वापरल्या जाणाऱ्या सामायिक पॅरेंटमध्ये टाकू नका. तुमच्या प्रोजेक्टने स्वतःचा एससीएम लिहिला नसेल, तर शेपूट लागलेला चुकीचा पत्ता निदान सापडत नाही आणि काम तिथेच थांबतं. शेपूट काढलीत, की रिलीज प्लगइन तुमचा गिट टॅग (रिलीजची खूण) त्या पॅरेंटच्याच रेपोत ढकलायला जातो. माझ्या मते प्रत्येक प्रोजेक्टच्या रूटमध्ये स्वतःचा एससीएम असायलाच हवा, वारसा त्याच्या खालीच.

सरावाला ऑफिसचा सर्व्हर लागत नाही. पावसाळ्यात जांबोटीकडे नेट गेलेलं असलं तरी चालतं, फक्त लागणारे प्लगइन आधी उतरवून ठेवा. लॅपटॉपवर एक बेअर (कामाच्या फाइली नसलेला, फक्त इतिहास ठेवणारा) गिट रेपो बनवा, पॉममध्ये 'एससीएम:गिट:फाइल' असा त्याचा पत्ता द्या, दोन मॉड्यूल घाला. मग रूटवर 'हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम' चालवा. वारशानंतर प्रत्येक मॉड्यूलच्या पदरात नेमका कोणता पत्ता पडला, ते तिथे उघड दिसतं. पुढे 'रिलीज:प्रिपेअर' ड्राय-रन (नुसती रंगीत तालीम) लावून चालवा. कमिट किंवा टॅग काहीच होत नाही, फक्त पॉमशेजारी 'टॅग' आणि 'नेक्स्ट' शेपटीच्या फाइली तयार होतात. त्या उघडून वाचा, आणि 'रिलीज:क्लीन'ने पुसून टाका.